बीटलचे सर्वोत्तम मॉडेल-वर्ष कोणते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोक्सवॅगन बीटलचे नियमित उत्पादन डिसेंबर १९४५ मध्ये सुरू झाले आणि शेवटची गाडी ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतील पुएब्ला येथील कारखान्यातून बाहेर पडली. तोवर एकूण संख्या २ कोटी १५ लाख २९ हजार ४६४ भरली होती. सहज पाहणाऱ्याला यांतली कोणतीही गाडी दुसरीसारखीच वाटते. शौकीन मात्र मागच्या काचेचा आकार, बंपरची जाडी आणि हेडलाइटचा कल यांवरून तासन्‌तास वाद घालतात. त्या वादात पुन्हापुन्हा येणारे प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरे देताना मी तटस्थ राहिलेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मॉडेल-वर्ष आणि गाडी बनल्याचे वर्ष एकच असते का?

नसते, आणि निम्मे वाद या एका गैरसमजातून होतात. १९५५ पासून कारखान्याचे मॉडेल-वर्ष उन्हाळी सुट्टीनंतर, म्हणजे १ ऑगस्टला सुरू होऊ लागले. त्यामुळे ऑगस्ट १९६४ मध्ये बनलेली गाडी १९६५ चे मॉडेल ठरते. तीच गाडी पुढच्या वर्षी विकली गेली आणि आणखी उशिरा नोंदवली गेली, तर कागदावर तिसरेच वर्ष येऊ शकते. कागद १९६६ सांगतो आणि मालकही १९६६ सांगतो, पण पुढच्या आसाला १९६५ पर्यंतच्या मॉडेलांच्या जुन्या पद्धतीच्या किंगपिन (चाके ज्यांभोवती वळतात त्या उभ्या खिळ्या) दिसतात, अशा वेळी मालक खोटे बोलत आहे असे समजण्याचे कारण नाही. तो फक्त नोंदणीचे वर्ष सांगत असतो.

शिवाय सगळेच बदल ऑगस्टची वाट पाहत नसत. मागची दुभंगलेली काच जाऊन लंबवर्तुळाकार काच आली ती मार्च १९५३ मध्ये, आणि १९५३ चे वर्ष संपता संपता इंजिन ११३१ सी.सी.वरून ११९२ सी.सी.वर गेले. म्हणून त्या एका वर्षात दुभंगलेली काच व लहान इंजिन असलेल्या, लंबवर्तुळाकार काच व लहान इंजिन असलेल्या, आणि अगदी शेवटी लंबवर्तुळाकार काच व मोठे इंजिन असलेल्या अशा तीन प्रकारच्या गाड्या बनल्या. ‘१९५३ ची बीटल’ एवढे सांगून काहीच ठरत नाही.

मग वर्ष खात्रीने कसे ओळखावे?

मागच्या बाकाची बैठक उचलावी. गाडीच्या मध्यातून जाणाऱ्या पोलादी बोगद्याचे टोक तेथे दिसते आणि त्याच्या पाठीवर शॅसी क्रमांक ठोकलेला असतो. त्यावर बहुधा रंग, धूळ आणि आसनातून गळलेल्या केसाळ भुशाचा थर बसलेला असतो. चिंधी रॉकेलमध्ये भिजवून तो पुसावा आणि विजेरी तिरपी धरावी, म्हणजे आकडे उठून दिसतात. १९६५ च्या मॉडेलपासून हा क्रमांक वाचणे सोपे झाले. पहिले दोन आकडे गाडीचा प्रकार सांगतात आणि तिसरा आकडा मॉडेल-वर्षाचा शेवटचा अंक असतो. ११५ ने सुरू होणारी गाडी १९६५ ची आणि ११६ ने सुरू होणारी १९६६ ची. १९७० पासून या तीन आकड्यांनंतर २ हा आकडा घातला गेला, त्यामुळे १९६५ आणि १९७५ यांची गल्लत होत नाही. आकडे एका रेषेत नसतील, त्यांची खोली कमी-जास्त असेल किंवा भोवताली वेल्डिंगची खूण असेल, तर वर्षाचा विचार बाजूला ठेवून गाडीच्या पूर्वेतिहासाची चौकशी करावी.

जाणकारांचे एकमत का होत नाही?

कारण ते एकाच प्रश्नाचे उत्तर देत नसतात. एकाच्या मनात संग्रहात ठेवायची गाडी असते, दुसऱ्याच्या मनात दर रविवारी शंभर किलोमीटर चालवायची, तर तिसऱ्याला केवळ तो आकार हवा असतो. त्यात आणखी एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. कारखाना एकाच मॉडेल-वर्षात वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळ्या गाड्या बनवत होता. कोणत्या बाजारपेठेची गाडी, हे सांगितल्याशिवाय वर्षाची स्तुती करण्यात फारसा अर्थ नाही. याचे सर्वांत ठळक उदाहरण १९६७ चे आहे आणि ते पुढे येईलच.

दुभंगलेल्या आणि लंबवर्तुळाकार काचेच्या गाड्या खरोखर इतक्या चांगल्या आहेत का?

देखण्या आहेत, यात शंका नाही. शौकीन त्यांना ‘स्प्लिट’ आणि ‘ओव्हल’ म्हणतात. ऑक्टोबर १९५२ ते मार्च १९५३ या काळात बनलेल्या, म्हणजे मागे जुनी दुभंगलेली काच आणि पुढे नवा डॅशबोर्ड असलेल्या गाड्यांना ‘झ्विटर’ असे खास नाव आहे आणि संग्राहकांमध्ये त्यांची ओढ सर्वाधिक दिसते.

चालवण्याच्या दृष्टीने मात्र डोळे उघडे ठेवावेत. आरंभीच्या गाड्यांना २५ अश्वशक्ती आणि १९५४ च्या मॉडेलपासून ३० अश्वशक्ती मिळते. निर्यातीच्या मॉडेलला १९५० मध्ये हायड्रॉलिक ब्रेक आले, पण साध्या मॉडेलचे ब्रेक १९६२ पर्यंत केबलवर चालत राहिले. निर्यातीच्या मॉडेललाही ऑक्टोबर १९५२ पर्यंत एकाही गिअरला सिंक्रोमेश (गिअर न खडखडता जुळवणारी रचना) नव्हते, त्यामुळे तिथवरच्या गाड्यांत डबल क्लच देण्याची, म्हणजे एका गिअरसाठी क्लच दोनदा दाबण्याची सवय लागते. इंधनाचा काटा नाही. टाकी संपत आली की इंजिन आचके देऊ लागते आणि मग पायाजवळची कळ फिरवून राखीव पाच लिटर पेट्रोल सोडायचे असते. मागच्या वेळी कळ परत फिरवायला आपण विसरलो होतो, हे नेमके त्याच क्षणी कळते.

तरीही ओव्हल गाडीत बसल्यावर टीका करणे अवघड जाते. जुलै १९५७ पर्यंतच्या गाड्यांना ॲक्सिलरेटरच्या जागी सपाट पेडल नसून एक लहानसा रोलर आहे. बुटाचा तळवा त्यावर फिरतो तेव्हा पाय गाडीला समजावत असल्यासारखे वाटते. पुढच्या महिन्यात मागची काच मोठी व आयताकार झाली, पुढची काच वाढली आणि रोलर जाऊन साधे पेडल आले.

१९५८ ते १९६४ या गाड्यांकडे दुर्लक्ष का होते?

अन्यायाने होते. त्यांना ओव्हलचे आकर्षण नाही आणि नंतरच्या गाड्यांची ताकदही नाही, म्हणून त्या दोन्ही बाजूंकडून मागे पडतात. वास्तविक बीटल वापरायला सोपी झाली ती याच काळात. १९६० च्या मॉडेलला पुढे अँटी-रोल बार, म्हणजे वळताना गाडीचे कलणे रोखणारा दांडा आला. ऑगस्ट १९६० मध्ये ३४ अश्वशक्तीचे नवे इंजिन, चारही गिअरना सिंक्रोमेश आणि आपोआप चालणारा चोक एकदमच आले, आणि युरोपातील गाड्यांच्या खांबांतून हातासारखे बाहेर पडणारे दिशादर्शक जाऊन उघडझाप करणारे दिवे लागले. पेट्रोलची टाकी चपटी झाल्याने पुढच्या डिकीत सामानाला जागा झाली. पुढच्या वर्षी इंधनाचा काटा आला. १९६३ च्या मॉडेलमध्ये हीटरची रचना बदलली. त्याआधी केबिनमध्ये येणारी गरम हवा थेट सिलिंडरभोवतून येत असे आणि इंजिनातून तेल झिरपत असेल तर त्याचा वासही सोबत येई. कापडी छप्पर आवडणाऱ्यांनी १९६३ च्या पुढे जाऊ नये, कारण ऑगस्ट १९६३ पासून त्याच्या जागी हँडलने सरकणारे लहान पोलादी छप्पर आले.

कमी खर्चात जुन्या वळणाची पण रोज चालवता येईल अशी गाडी हवी असेल, तर १९६१ ते १९६४ हा काळ आधी पाहावा असे मी सुचवीन.

१९६७ ची बीटल सर्वोत्तम, असे इतके जण का म्हणतात?

कारण अमेरिकेत विकल्या गेलेल्या १९६७ च्या गाडीत जुने रूप आणि नवी यंत्रणा एकत्र आली. बंपर जुनेच, नाजूक आणि नळीच्या कमानी असलेले. पण मागे १४९३ सी.सी.चे ४४ अश्वशक्तीचे इंजिन, १२ व्होल्टची वीजव्यवस्था, दोन स्वतंत्र मार्गांचे ब्रेक, दोन वेगांचे वायपर आणि उलटे जाताना लागणारे दिवे. मागच्या चाकांमधले अंतर वाढले आणि आसाच्या वर एक जादा स्प्रिंग-पट्टी बसली, त्यामुळे वळणावर मागची बाजू पूर्वीपेक्षा स्थिर राहते. पुढच्याच वर्षी जाड, उंच बंपर आले आणि जुना चेहरा कायमचा गेला. म्हणूनच ‘शेवटची सुंदर आणि पहिली समर्थ’ अशी तिची ख्याती झाली.

आता दुसरी बाजू. त्याच वर्षी जर्मनीत विकल्या गेलेल्या गाडीला अजून ६ व्होल्टची वीजव्यवस्था होती आणि हेडलाइटही जुनेच, मागे झुकलेले व काचेच्या आवरणाखालचे होते. अमेरिकेच्या गाडीला उभे हेडलाइट आले होते. याउलट युरोपातील १५०० ला, म्हणजे १४९३ सी.सी. इंजिनाच्या बीटलला, पुढे डिस्क ब्रेक मिळाले आणि अमेरिकेच्या गाडीला चारही चाकांना ड्रमच राहिले. दोघे शौकीन ‘सदुसष्टची’ म्हणत एकमेकांशी भांडत असतात तेव्हा अनेकदा दोन वेगळ्या गाड्यांबद्दल बोलत असतात.

आणखी एक अडचण सुट्या भागांची आहे. अमेरिकी १९६७ ची पुढची मडगार्डे आणि इंजिनाचे झाकण ना आधीच्या वर्षाशी तंतोतंत जुळतात, ना नंतरच्या. गाडी पूर्ण आणि मूळ स्थितीत मिळत असेल तर उत्तमच. पण मडगार्ड सडलेली, झाकण दुसऱ्या वर्षाचे आणि बंपर हरवलेले अशी ‘सदुसष्ट’ केवळ आकड्याच्या मोहाने घेतली, तर तिला मूळ रूपात आणण्याचा खर्च शेजारच्या वर्षाच्या गाडीहून कितीतरी जास्त येतो.

आपली स्वतःची निवड कोणती?

१९६५ चे मॉडेल. यावर नेहमी भुवया उंचावतात, म्हणून कारण नीट सांगतो. त्या वर्षी सगळ्या काचा मोठ्या झाल्या, पुढची काच किंचित वक्र झाली आणि खांब बारीक झाले, त्यामुळे गाडीच्या आत उजेड आला. बाहेरून मात्र झुकलेले हेडलाइट आणि नाजूक बंपर तसेच राहिले. गिअरबॉक्स पूर्ण सिंक्रोमेशचा आहे, इंधनाचा काटा आहे, हीटरचा वास नाही. ३४ अश्वशक्तीचे ११९२ सी.सी. इंजिन ओढीला कमी आहे हे खरे, पण ते आपल्या क्षमतेच्या आत काम करते, तापते कमी आणि नीट तेल बदलत राहिल्यास फार वर्षे टिकते.

उणिवाही सांगायला हव्यात. वीज ६ व्होल्टची आहे आणि पुढच्या आसाच्या किंगपिनना वेळच्या वेळी ग्रीस द्यावे लागते. ते काम टाळले की सहा महिन्यांत स्टीअरिंग जड होते. ज्याला गाडीखाली आडवे पडून ग्रीसगन चालवण्याचा कंटाळा असेल, त्याने १९६६ चे मॉडेल घ्यावे. त्या वर्षी किंगपिन जाऊन बॉल जॉइंट आले आणि १२८५ सी.सी.चे ४० अश्वशक्तीचे इंजिनही मिळाले. खरे तर अनेकांसाठी तीच अधिक शहाणपणाची निवड आहे. माझी निवड मी शहाणपणाची म्हणून केलेली नाही.

६ व्होल्टच्या गाडीला १२ व्होल्ट करून घ्यावे का?

आधी आहे ती व्यवस्था नीट करून पाहावी. ‘६ व्होल्टचे दिवे मिणमिणतात’ ही तक्रार बहुतांशी गंजलेल्या जोडांची असते. बॅटरीची अर्थिंग, गिअरबॉक्सपासून शॅसीपर्यंतची विणलेली पट्टी आणि हेडलाइटचे जोड घासून चकचकीत केले की पुष्कळ फरक पडतो. बदल करायचाच असेल तर एक बारकावा लक्षात ठेवावा: ६ व्होल्टच्या फ्लायव्हीलला (स्टार्टर ज्याला फिरवतो त्या जड चाकाला) १०९ दाते असतात आणि १२ व्होल्टच्या फ्लायव्हीलला १३०, म्हणून एकाचा स्टार्टर दुसऱ्याला थेट चालत नाही. संग्रहाच्या गाडीला हा बदल करू नये. रात्री चालवायच्या गाडीला केला तर कोणी नावे ठेवू नयेत.

१९६८ नंतरच्या गाड्या खरोखर कमी प्रतीच्या आहेत का?

मुळीच नाहीत. १९६८ मध्ये उभे हेडलाइट आणि जाड बंपर युरोपातही आले, आणि पेट्रोल भरण्यासाठी पुढचे झाकण उघडण्याची गरज संपली, कारण बाहेरच्या बाजूला वेगळी झडप आली. १९६९ मध्ये अमेरिकेच्या गाड्यांना मागे दुहेरी सांध्यांचे आस मिळाले. जुन्या झुलत्या आसाची गाडी वेगात वळताना चालकाने घाबरून ॲक्सिलरेटर सोडला, तर बाहेरचे मागचे चाक आत दुमडू पाहते. नव्या रचनेत तो धोका जवळजवळ राहिला नाही. युरोपातील साध्या बीटलला मात्र झुलते आस पुढेही राहिले. येथेही पुन्हा बाजारपेठेचा प्रश्न आलाच.

१९७१ मध्ये दोन वाटांच्या हेडचे १५८४ सी.सी. इंजिन आले आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ऑइल कूलरची जागा बदलली. आधी कूलर पंख्याच्या कवचाच्या आतच, तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेत उभा असे, त्यामुळे त्या सिलिंडरला थंड हवा कमी मिळे आणि तोच आधी निकामी होई. नव्या रचनेत कूलर स्वतंत्र कवचात गेला. लांबच्या प्रवासाला बीटल नेणाऱ्याने हा एक बदल साऱ्या सौंदर्यचर्चेपेक्षा मोलाचा मानावा.

१३०२ आणि १३०३ यांना ‘खरी बीटल’ म्हणावे का?

म्हणावे. ऑगस्ट १९७० मध्ये आलेल्या १३०२ या बीटलच्या नव्या प्रकाराला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेले उभे दांडे) बसवले गेले आणि पुढच्या डिकीची जागा जवळजवळ दुप्पट झाली. ऑगस्ट १९७२ पासूनच्या १३०३ ला ठळक वक्र काच, जाड गादीचा डॅशबोर्ड आणि मोठे गोल मागचे दिवे मिळाले. चालवायला या सर्वांत सुखद बीटल आहेत. पुढचे टोक फुगीर दिसते, हे मान्य. स्ट्रट आणि स्टीअरिंगचे सांधे झिजले की ठरावीक वेगाला चाक थरथरू लागते, म्हणून खरेदीपूर्वी मोकळ्या रस्त्यावर चालवून पाहावी. १९७५ च्या १३०३ ला रॅक-अँड-पिनियन (दातेरी पट्टी आणि दातेरी चाकाचे) स्टीअरिंग आहे आणि अमेरिकेच्या १९७५ च्या गाड्यांना फ्युएल इंजेक्शन आहे. या दोहोंचे चाहते थोडे पण कट्टर आहेत.

मेक्सिकोत बनलेल्या उशिराच्या गाड्यांचे काय?

वोल्फ्सबुर्गमध्ये बीटलचे उत्पादन १ जुलै १९७४ रोजी आणि एम्डेनमध्ये १९ जानेवारी १९७८ रोजी थांबले, ओस्नाब्रुकमधील कारमानच्या कारखान्यातली उघड्या टपाची गाडी १० जानेवारी १९८० पर्यंत चालली. त्यानंतरच्या मेक्सिकोतील गाड्या यंत्र म्हणून विश्वासू आहेत, पण वर्षांच्या वादात त्यांना स्थान मिळत नाही. शेवटच्या ३,००० गाड्यांची ‘उल्तिमा एदिसिऑन’ (अंतिम आवृत्ती) मालिका तेवढी संग्राहकांच्या हिशेबात येते.

इंजिन मूळ वर्षाचे नसेल तर गाडी सोडून द्यावी का?

बीटलचे इंजिन चार बोल्टांवर गिअरबॉक्सला जोडलेले असते आणि सराईत माणूस ते तासाभरात खाली उतरवतो. त्यामुळे इतक्या वर्षांत एकदाही इंजिन बदलले गेले नाही अशी गाडी दुर्मीळच. इंजिनाचा क्रमांक डायनामोच्या बैठकीखाली क्रँककेसवर असतो आणि त्याच्या आरंभीचे अक्षर प्रकार सांगते: ‘डी’ म्हणजे ३४ अश्वशक्तीचे १२००, ‘एफ’ म्हणजे १३००, ‘एच’ म्हणजे १५००. संग्रहासाठी हे जुळणे महत्त्वाचे आहे. चालवण्यासाठी घेत असाल तर त्यापेक्षा क्रँकची पुली (इंजिनाच्या टोकाचे पट्टा फिरवणारे चाक) दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ढकलून पाहावी. जाणवण्याइतकी हालचाल झाली आणि ‘टक्‌’ असा आवाज आला, तर क्रँककेस झिजले आहे आणि इंजिन पूर्ण खोलावे लागेल, मग त्यावरचे अक्षर कोणतेही असो.

दोन गाड्या समोर आहेत, एक चांगल्या वर्षाची पण गंजलेली, दुसरी नावडत्या वर्षाची पण निरोगी. कोणती घ्यावी?

निरोगी. येथे मला वादाला जागाच दिसत नाही. बीटलचे यांत्रिक भाग मिळतात आणि बदलता येतात, पत्रा मात्र खर्च खातो. दाराखालच्या पोकळ पट्ट्या गाडीला ताठ ठेवतात आणि त्यांतूनच हीटरची हवा जाते. त्या आतून सडतात, म्हणून बाहेरचा रंग पाहून फसू नये, पायरीच्या खालून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून आवाज ऐकावा. भरीव पत्रा खणखणतो, सडलेला भदभद वाजतो. मग डिकीतली स्टेपनी काढून तिच्या खालचा खड्डा पाहावा. त्यानंतर मागच्या बाकाखालची बॅटरी बाजूला करून तिच्या खालचा फरशीचा पत्रा पाहावा, कारण आम्ल सांडून तेथे हमखास भोक पडते. बॅटरीवर झाकण नसेल तर ते आधी बसवून घ्यावे. जड माणूस मागे बसला आणि आसनाची स्प्रिंग बॅटरीच्या टोकांना टेकली, तर भुसा पेट घेतो.

शेवटी दार लावून पाहावे. काच पूर्ण वर करून दार ढकलले आणि आतली हवा अडून ते एका झटक्यात लागले नाही, काच दोन बोटे खाली घ्यावी लागली, तर रबर, पत्रा आणि दाराची चौकट अजून एकमेकांशी जुळून आहेत असे समजावे आणि मग खुशाल बाक उचलून वर्ष पाहावे.